काजवे गॅलरीत मावत नाहीत

फोन हातातच असेल. मग एक काम करा. गॅलरी उघडा आणि मे महिन्यापर्यंत मागे स्क्रोल करत जा. किती फोटो आहेत? माझ्याकडे या मे महिन्याचे 1,146 निघाले. त्यातले दोनशे एकाच लग्नातले, चाळीसेक आमरसाच्या वाटीचे (वाटी एकच, अँगल वेगळे) आणि सत्तर-ऐंशी स्क्रीनशॉट. त्यातले निम्मे कशासाठी काढले होते तेही आता आठवत नाही. आता फोन खाली ठेवा आणि न बघता सांगा, या सुट्टीत नेमकं काय काय झालं? मी सांगायला गेलो तर तीन वाक्यांत सुट्टी संपली.

म्हणून माझं म्हणणं असं, की कॉलेज पुरतं सुरू व्हायच्या आत एक जुनाट वाटणारं काम करून टाका. कात्री, फेविकॉल आणि जाड कागद घ्या आणि सुट्टीचं स्क्रॅपबुक करा. अख्खी वही भरायची गरज नाही, चार पानं पुरे. फक्त त्यातलं निदान एक पान किड्यांचं असू द्या.

हो, किड्यांचं. मुंग्या, भुंगे, काजवे, चतुर, दिव्याखाली पडणारी ती वाळवी, सगळं. 'ईईई' करून झालं असेल तर पुढे वाचा. आमच्या डेस्कवर मी हा विषय सांगितला तेव्हा एका सीनियरने शांतपणे विचारलं, "अरे, ही युवा पुरवणी आहे की बालवाडीची?" इंटर्नने अशा वेळी हसायचं असतं, तसा मी हसलो. पण विषय सोडला नाही, कारण माझ्याकडे तसं एक पान आहे आणि सध्या मी दिवसातून दोनदा तरी ते उघडून बघतो.

ते पान मी सातवीच्या सुट्टीत केलं होतं. माझं आजोळ संगमेश्वर तालुक्यात. कौलारू घर, पुढे अंगण, मागे आंबा-फणस आणि खाली उतरलं की पऱ्या. त्या वर्षी शाळेने 'सुट्टीतील उपक्रम' असा नेहमीचा छळ दिला होता. मामेभावाने, म्हणजे दादाने, त्याच्या नव्याकोऱ्या फोनवर फोटो काढले आणि मी एका लाँगबुकात चिकटवाचिकटवी केली. आजोबा पडवीत बसून देखरेख करायचे. मीटरबोर्डाच्या मागे एका कुंभारणीने मातीचं घर केलं होतं. कुंभारीण म्हणजे ती बारीक कमरेची माशी, जी ओल्या मातीच्या गोळ्या आणून आणून लहानसं मडकं घडवते. मडक्यात ती अळ्या आणून ठेवते. त्या मेलेल्या नसतात, डंख मारून लुळ्या केलेल्या असतात, म्हणजे तिच्या पिल्लाला अंड्यातून बाहेर आल्यावर ताजं जेवण मिळतं. हे सगळं मला आजोबांनी सांगितलं. वायरमन यायचा होता आणि मामी ते झाडूने पाडायला निघाली होती. आजोबा म्हणाले, "राहू दे गो. भाडं थोडंच बुडवत्येय ती." वायरमनला मीटर पुढूनच बघायला लावला.

काही दिवसांनी मडक्याला एका बाजूने भोक दिसलं. आतलं उडून गेलं होतं. तेव्हा आजोबांनीच सुरीने अलगद खरवडून ते मडकं काढलं आणि म्हणाले, "घे, आता चिकटव." मी चिकटवलं. फेविकॉल जरा जास्तच झाला. त्याच्या खाली आजोबांनी त्यांच्या बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात लिहिलं, 'कुंभारीण. मीटरबोर्डामागे. 27 मे. पिल्लू उडून गेले.'

दादाचा तो फोन पुढे बंद पडला. दुरुस्तीवाल्याने हात वर केले आणि त्या सुट्टीचे तीनशे-साडेतीनशे फोटो गेले. बॅकअप वगैरे शब्द आमच्या घरात तेव्हा कोणाला माहीत नव्हते. आजोबा तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांचे फोटो आहेत तसे, लग्नातले, आधार कार्डावरचा, हार घातलेला. पण त्या सुट्टीतले आजोबा फक्त त्या पानावर आहेत, चार शब्दांपुरते. आणि आता घर विकायचं ठरलंय. कोणाची चूक नाही. तिथे राहायला कोणी नाही, दर पावसाळ्याआधी कौलं चाळायला माणूस मिळत नाही, मामा मुंबईत, आई पुण्यात. मी काही बोललो नाही. बोलून दरवर्षी कौलं मी चाळणार होतो का?

तर मुद्दा असा, की त्या लाँगबुकात इतर पानंही आहेत. एका पानावर गणपतीपुळ्याच्या बसचं तिकीट आहे, एका पानावर माझं आणि दादाचं हातात हात घातलेलं चित्र आहे. ती पानं बघून मला फार काही होत नाही. किड्यांच्या पानावर मात्र दुपार आहे, मामीचा झाडू आहे, वायरमन आहे, पडवीतला कोबा आहे. असं का व्हावं, याचा मी बराच विचार केला.

एक कारण मला असं वाटतं, की किडा बघायला थांबावं लागतं. समुद्रासमोर आपण पाठ करून उभे राहतो आणि सेल्फी काढतो, दहा सेकंदांत विषय संपतो. कुंभारीण मातीची गोळी घेऊन परत कधी येते ते बघायचं तर तिथे उकिडवं बसावं लागतं. आणि तिथे बसलं की आजूबाजूचं सगळं आपोआप आत जातं. कोण काय बोलत होतं, कुकरची कितवी शिट्टी झाली, पाय कसा मुंग्या येऊन जड झाला. दुसरं कारण म्हणजे आपल्या उन्हाळ्याचं कॅलेंडर किडेच चालवतात. एप्रिल-मेच्या भर दुपारी झाडावरून कान किटवणारा जो आवाज येतो तो सिकाडाचा. गावात त्यालाही सगळे रातकिडाच म्हणतात, तो भर उन्हात ओरडतो तरी! ओरडणारा नर असतो आणि आवाज गळ्यातून येत नाही, पोटाच्या बाजूला असलेले ताणलेले पडदे थरथरवून येतो. आंबे उतरवायला चढलात तर पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या तुमचं स्वागत करतात. ही पानं त्या कशाने शिवतात माहितीये? स्वतःच्याच अळ्या तोंडात धरून. अळीच्या तोंडातून निघणारा रेशमासारखा धागा त्या शिलाई मशीनसारखा या पानावरून त्या पानावर फिरवतात. मग मेच्या शेवटाला काजवे. पहिल्या सरीनंतर ट्यूबलाइटवर झेपावणारी पंखवाली वाळवी. आणि जूनमध्ये मृग लागला की मातीवर तो लाल मखमली मृगाचा किडा. (त्याचे पाय मोजा, आठ भरतील. म्हणजे तो कीटक नाहीच, कोळी-गोचिडांच्या नात्यातला आहे. पण पानावर त्याला जागा द्यायची. पाहुणा म्हणून.)

तुमच्या सुट्टीत कोणता किडा कधी आला हे लिहिलंत, की तारखा आपोआप लागतात. 'आपण भांडलो ते वाळवी आली त्याच्या आदल्या दिवशी.' असं आठवतं मग.

आता स्क्रॅपबुक म्हटलं की तुम्ही पहिल्यांदा ऑनलाइन स्टिकर शोधाल. मीही शोधले. 'इन्सेक्ट थीम' म्हणून जे पाकीट मिळतं त्यात नारिंगी-काळं फुलपाखरू असतं, सात ठिपक्यांचा लाल लेडीबर्ड असतो आणि गुबगुबीत केसाळ बंबलबी असते. दिसायला गोड. पण ते नारिंगी फुलपाखरू मोनार्क, मूळचं अमेरिकेतलं. बंबलबी भारतात आहे, पण ती हिमालयात. तुमच्या काकांच्या शेवग्यावर घोंघावत होता तो काळा, निळसर पंखांचा दणकट भुंगा. लाकडात भोक पाडून राहतो तो. त्याचं स्टिकर कोणी छापत नाही. मोनार्कसारखंच दिसणारं आपलं एक फुलपाखरू आहे, प्लेन टायगर. ते शोधायला जंगलात जायला नको, रस्त्याकडेला रुईचं झाड दिसलं की पानं उलटी करून बघा, त्याच्या पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या तिथे रुई खात बसलेल्या असतात. महाराष्ट्राने तर 2015 मध्ये स्वतःचं राज्य फुलपाखरू जाहीर केलं. ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी. असं करणारं आपलं पहिलं राज्य. आणि आपण आपल्या उन्हाळ्याच्या पानावर अमेरिकेचं फुलपाखरू चिकटवणार? तुमचं चित्र वेडंवाकडं येऊ दे, पण तुम्ही जे बघितलंत तेच असू द्या. माझं सातवीतलं सिकाडाचं चित्र चप्पल घातलेल्या माशीसारखं दिसतं. तरी तो सिकाडा आहे हे मला कळतं, आणि पान माझ्यासाठीच आहे.

आता काजव्यांकडे येतो, कारण खरा राग मला तिथे आहे. स्वतःवरचाही.

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आमची बॅच दोन गाड्या करून भंडारदऱ्याकडे काजवे बघायला गेली. शेवटच्या वर्षाआधीची सगळ्यांनी मिळून केलेली एकच ट्रिप. तुम्हीही गेला असाल. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची ही नावं त्या दिवसांत प्रत्येकाच्या स्टोरीवर असतात. आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावर हेडलाइटची रांग होती. झाडं खरोखर पेटल्यासारखी दिसत होती, पण ते दिसायचं दोन गाड्यांच्या मधल्या अंधारात. प्रत्येकाच्या हातात टॉर्च. कोणीतरी फांदी हलवत होतं, 'उडव ना, उडव, व्हिडिओ घेते.' एकाने पाण्याच्या बाटलीत तीन काजवे भरले. मी स्वतः फ्लॅश मारून फोटो काढले. एकूण चौसष्ट. घरी येऊन बघितलं तर चौसष्टच्या चौसष्ट काळे, आणि फ्लॅशवाल्यांत समोरच्या माणसाची हिरवी जर्किन.

काजव्याचा प्रकाश हा त्याचा मेसेज असतो. नर उडत उडत चमकतो, अनेक जातींत मादी खाली गवतात, झुडपात बसून त्याला चमकून उत्तर देते. आपला टॉर्च मध्ये आला की त्यांना एकमेकांचं दिसत नाही. भेटच होत नाही. आणि आपण फोटोसाठी पायवाट सोडून गवतात शिरतो तेव्हा पाय कुठे पडतो? त्या मादीवर. काजव्याच्या अळ्याही जमिनीवर, ओल्या पाल्यापाचोळ्यात राहतात, गोगलगायी खातात. बाटलीतले तीन काजवे तर परतीच्या वाटेवर घाटातच मेले असावेत. बाटली गाडीत सीटखाली सापडली. ज्याने भरले होते तो चांगला मुलगा आहे. सकाळी तो बराच वेळ गप्प होता.

आणि हे सगळं ज्या फोटोसाठी करतो तो फोटो फोनवर साध्या पद्धतीने निघतच नाही. झाडावर लाखो दिवे लागलेले जे फोटो फिरतात ते बहुतेक वेळा ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून, शटर बराच वेळ उघडं ठेवून, असे कितीतरी फोटो एकावर एक चढवून केलेले असतात. म्हणजे अर्ध्या-पाऊण तासात जितके काजवे चमकले ते सगळे एकाच क्षणी दाखवलेले. फोटो म्हणून सुंदरच. पण तसं कोणीही, कधीही डोळ्यांनी बघितलेलं नाही. आपण न बघितलेल्या गोष्टीसारखा फोटो मिळवायला जातो आणि समोरचं बघायचं राहून जातं.

यावर माझा उपाय एकदम साधा आहे. काळा कार्डशीट घ्या, दहा-वीस रुपयांना मिळतो. पिवळट हिरवं जेल पेन घ्या. डोळे मिटा, आणि जे आठवतंय तेवढंच ठिपक्यांनी काढा. झाड कुठे होतं, खाली किती होते, वर किती. ते एकदम लागायचे आणि विझायचे की एकामागोमाग? बाजूला कोण उभं होतं? मी हे केलं तेव्हा मला कळलं, की चौसष्ट फोटो काढताना मी मोजून एकदा झाडाकडे नीट बघितलं होतं. साधारण वीस सेकंद. गाडीचं पंक्चर काढत होते तेव्हा. हेडलाइट बंद होते आणि आमच्यातली एक मुलगी, जी एरवी सतत बोलते, ती एकदम म्हणाली, "आवाज नाहीये रे याला." तेवढं पानावर आलं. ती आता नोकरीसाठी बेंगळुरूला गेलीय. तिला मी त्या पानाचा फोटो पाठवला. (हो, फोटोच. मी फोनच्या विरोधात नाही, कृपया तसे मेल पाठवू नका.)

आता एक सक्त सूचना. मारायचं काही नाही. बीएस्सी ॲग्रीवाल्यांना प्रॅक्टिकलसाठी कीटकसंग्रह करावा लागतो, ते त्यांच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली करतात, त्यांचं वेगळं. तुम्ही-मी फुलपाखरू पकडून सेलोटेप लावायची नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत वाघ-बिबट्यांबरोबर काही फुलपाखरं आणि भुंगेरेही आहेत, आणि तुम्ही पकडलेलं त्यातलं आहे की नाही हे तुम्हाला कळणार नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी ते पान टिकतच नाही. माझ्या लाँगबुकात एक पान असं आहे, ज्यावर मी एक पिवळं फुलपाखरू टेपखाली दाबलं होतं. जिवंत होतं का? असावं. पंधरा दिवसांत त्याला बुरशी आली, मग मुंग्या लागल्या, आता तिथे एक तपकिरी डाग आणि सहा पाय आहेत. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचो आम्ही, त्याचंही चित्र आहे पुढच्या पानावर. ही दोन पानं मी फाडलेली नाहीत. असू देत.

मग चिकटवायचं काय? किडा जे मागे सोडून जातो ते. आणि ते किड्यापेक्षा जास्त भारी असतं, खरंच सांगतो. सिकाडाची कात झाडाच्या खोडाला चिकटलेली सापडते, पाठीवर चीर पडलेली, आतला केव्हाच उडून गेलेला. वाळवीचे गळलेले पंख सकाळी दिव्याखाली ढिगाने पडलेले असतात, केर काढायच्या आधी उचला. गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानाला कडेने कोणीतरी पंच मशीनने कापल्यासारखे गोल दिसतील. ते पान कापणाऱ्या माशीचं काम, तिने ते तुकडे तिच्या पिल्लांच्या खोलीला अस्तर म्हणून नेलेले असतात. लिंबाच्या कोवळ्या पानावर पांढरी नागमोडी रेघ असते ती नागअळीची. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधून खात खात गेलेली असते. अख्खं बालपण एका पानावर रेघेने लिहिलेलं. रेघ जिथे बारीक आहे तिथून सुरुवात आणि जसजशी ती मोठी होत जाते तसतशी रेघ जाड. अशी पानं वर्तमानपत्रात दाबून आठवडाभर जाड पुस्तकाखाली ठेवा. वर्तमानपत्र कोणतंही चालेल, आमचं असलं तर आनंद आहे. पुरतं वाळल्याशिवाय चिकटवू नका, नाहीतर बुरशी. कात आणि पंख फार नाजूक असतात, ते वहीत सरळ न चिकटवता ट्रेसिंग पेपरच्या छोट्या पाकिटात घाला आणि पाकीट चिकटवा. आणि जिथून उचललं त्या जागेचं नाव, तारीख आणि कोण सोबत होतं हे लगेच लिहा. 'नंतर लिहू' म्हटलं की संपलं. ओळखायला अडलं तर आयनॅचरॅलिस्टवर फोटो टाका, तिथले लोक मदत करतात. पण नाव सापडलं नाही तरी पान अडत नाही. 'हिरवा, रागीट, आत्याच्या पोळीवर बसला' हेही चालतं.

'आमचं कुठे रे गाव-बिव?' असं म्हणणारे बरेच असाल. मला माहितीये. अर्ध्या मित्रांचा उन्हाळा पुण्यात अभ्यासिकेत गेला. सकाळी सात ते रात्री अकरा, मधे मेस. त्यांचं पान तर माझ्यापेक्षा भारी होईल. एमपीएससी करणाऱ्या माझ्या एका मित्राने रूमवरच्या ढेकणांचं पान केलंय. गादीचा नकाशा, त्यावर लाल ठिपके, पेस्ट कंट्रोलची तारीख आणि त्याखाली 'प्रीलिम, उरले 19 दिवस'. मी हसून लोळलो, आणि मग जरा वेळाने हसू थांबलं. मेसच्या साखरेच्या डब्यातले मुंगळे, हॉस्टेलच्या बाथरूममधलं झुरळ, अभ्यासिकेच्या ट्यूबभोवती फिरणारे पहिल्या पावसाचे पाहुणे, हेही तुमच्या उन्हाळ्याचेच साक्षीदार.

घरी राहणाऱ्यांसाठी कढीपत्ता. बाल्कनीत कुंडी असेल तर पानं नीट बघा. पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं आणि ते हललं, तर ती कॉमन मॉरमॉन किंवा लाइम बटरफ्लायची लहान अळी. लहानपणी ती मुद्दाम तशी दिसते, म्हणजे कोणी खात नाही. मोठी झाली की हिरवीगार होते आणि तुमच्या आईचा कढीपत्ता फस्त करते. आमच्याकडे यावरून मे महिन्यात वाद झाला. आईचं म्हणणं, फोडणीला पानं उरली नाहीत. शेवटी तह झाला, एक फांदी अळ्यांची, बाकी घरची. अळ्यांनी तह पाळला नाही. पण कोष झाला, आणि एका सकाळी फुलपाखरू बाहेर आलं तेव्हा डब्याची घाई सोडून दहा मिनिटं कुंडीसमोर उभी राहिलेली आई हे माझ्या या वर्षीच्या पानावर आहे. तिने विचारलं, "माझं चित्र एवढं जाड का काढलंयस?"

हे सगळं बालिश वाटत असेल तर एका बाईंचं सांगतो. मारिया सिबिला मेरिअन, जन्म 1647, जर्मनीतल्या. तेराव्या वर्षी घरात रेशमाचे किडे पाळून त्यांची चित्रं काढायला लागल्या. तेव्हा किडे चिखलातून, घाणीतून आपोआप तयार होतात असं मानणारे भरपूर लोक होते. या बाई अळीपासून पाखरू होईपर्यंत एकेक किडा पाळून बघायच्या आणि अंडं, अळी, कोष, फुलपाखरू आणि ते ज्या झाडावर जगतं ते झाड, सगळं एकाच पानावर काढायच्या. 1699 मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेल्या, कशासाठी, तर तिथले किडे बघायला. 1705 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. विद्यापीठाची पदवी नाही, लॅब नाही. घरातली अळी, कागद, रंग आणि बघत बसायची तयारी. एका अर्थाने पानंच करत होत्या त्या.

आणि 'स्क्रॅपबुक मुलींचं असतं' म्हणणाऱ्या मित्रांना एवढंच, की माझ्या मित्राचं ढेकणांचं पान बघून या आणि मग बोला.

वेळ नाही, हेही ऐकतो मी. एक पान करायला मला साधारण दीड तास लागला, त्यात अर्धा तास सुकायला. तेवढ्या वेळात आपण काय करतो ते तुमचा स्क्रीन टाइम सांगेल, मी कशाला सांगू.

पुढच्या शनिवारी आजोळी जायचंय. सह्या झाल्या आहेत, किल्ली द्यायची राहिलीय. आई भांडी बघणार आहे, मामा कागदपत्रं. मला घरातलं काही नकोय असं मी सांगितलं. काळा कार्डशीट, ट्रेसिंग पेपर आणि एक छोटी सुरी बॅगेत टाकलीय. मीटरबोर्डामागे अजून कोणी मडकं केलंय का ते बघणार आहे. भोक पडलेलं असेल तर काढून आणतो. नसेल, तर नवीन मालकांना सांगून येतो, की वायरमनला पुढूनच मीटर बघायला लावा.